कीर्दीत न चढलेला खर्च : दादासाहेब फाळके यांच्या व्यवसायाचा एक हिशेब

दादासाहेब फाळके यांची गोष्ट मराठी वाचकाला जवळजवळ पाठ आहे. गिरगावात पाहिलेला ख्रिस्तजीवनावरचा मूकपट, विम्याची पॉलिसी तारण ठेवून केलेली लंडनवारी, सरस्वतीबाईंचे दागिने, तारामतीच्या भूमिकेत साळुंके, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’. या गोष्टीचा उत्तरार्धही तितकाच परिचयाचा आहे : भागीदारांशी बिनसणे, काशीचा मुक्काम, बोलपटाचे आगमन, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये झालेला अंत.

पूर्वार्ध आपण ध्यासाची कथा म्हणून सांगतो आणि उत्तरार्ध उपेक्षेची कथा म्हणून. उद्योजकतेवर व्याख्याने देणाऱ्यांना पूर्वार्ध आवडतो, कारण त्यात धाडस आहे. साहित्यिक-कलावंतांना उत्तरार्ध आवडतो, कारण त्यात आपल्या सर्वांची जुनी तक्रार आहे : पैसेवाल्यांना कला कळत नाही. या दोन्ही कथा आपापल्या जागी खऱ्या आहेत. मात्र त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाने घरच्या घरी, तुटपुंज्या पैशांत एक अख्खा धंदा उभा केला, त्याला हाती पुरेसे भांडवल आल्यावर तोच धंदा चालवणे इतके कठीण का गेले?

या प्रश्नाचे उत्तर स्वभावात शोधण्याची आपल्याला सवय आहे. फाळके हट्टी होते, खर्चिक होते, कोणाचे ऐकत नसत, असे म्हटले की विषय संपतो. मला वाटते, उत्तर स्वभावाइतकेच हिशेबात आहे. फाळके यांचे पहिले चित्रपट स्वस्तात झाले असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते स्वस्तात झाले नव्हते. त्यांच्या खर्चाचा मोठा भाग कोणत्याच कीर्दीत चढला नव्हता. पुढे भागीदार आले, वह्या उघडल्या गेल्या, आणि त्या न चढलेल्या खर्चाचे ओझे दोन्ही बाजूंना जाणवू लागले. प्रस्तुत लेखात हा हिशेब जमेल तितका मांडून पाहायचा आहे.

शिकण्यात गेलेली वर्षे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे बरेच काही त्यांनी हाताखालून घातले. गोध्र्याला फोटोचे दुकान टाकले, ते चालले नाही. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले. सरकारी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारे म्हणून नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ठसे तयार करण्याचे काम केले. पुढे तो व्यवसाय मुंबईत दादरला नेला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने तो नावारूपाला आला, आणि रंगीत छपाईची यंत्रसामग्री पाहण्या-घेण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. मग भागीदारांशी पटेनासे झाले आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले.

चरित्रकार या काळाला धडपडीचा काळ म्हणतात. हिशेबाच्या भाषेत तो गुंतवणुकीचा काळ आहे. चित्रपटाला लागणारे जवळपास प्रत्येक कौशल्य या सुमारे पंचवीस वर्षांत त्यांच्या हाती आले होते : कॅमेरा, रसायने, पडदे, वेषभूषा, नजरबंदी, यंत्राची दुरुस्ती, आणि एकाच चित्राच्या हजारो प्रती काढून विकण्याचे शास्त्र. ‘लंकादहन’मध्ये मारुती आकाशात उडतो तेव्हा आपल्याला दिसते ती जादूगाराची हातचलाखी आणि ठसे बनवणाऱ्याची नजर. पण या शिक्षणाची किंमत कोणत्या खात्यावर पडली? दोन फसलेल्या उद्योगांच्या आणि एका सोडलेल्या नोकरीच्या. नवा व्यवसाय सुरू झाला तेव्हा हे ज्ञान त्यात फुकट आले, निदान वहीपुरते तरी.

छापखान्यातून बाहेर पडण्याचा प्रसंगही लक्षात ठेवायला हवा, कारण तो पुढे जवळजवळ तसाच पुन्हा घडणार आहे. व्यवसाय उभा केला, नाव झाले, मतभेद झाले, आणि उभा केलेला व्यवसाय मागे ठेवून ते रिकाम्या हाताने निघाले. भागीदारी मोडताना आपल्या कसबाची किंमत वसूल करण्याची कोणतीही सोय त्यांच्याकडे नव्हती.

वाटाण्याचा वेल

१९१०-११ च्या सुमारास ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिल्यानंतर फाळके यांनी पुढचे कित्येक महिने मुंबईत मिळेल तो चित्रपट पाहण्यात घालवले. झोप उडाली, डोळ्यांवर ताण आला, काही काळ दिसेनासेही झाले आणि उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची ओळख काढली. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले, आणि एप्रिलमध्ये परतले.

परत आल्यावर भांडवल उभे करायचे होते. इथे फाळके यांनी जे केले ते आजच्या कोणत्याही नवउद्योजकाने नीट पाहावे असे आहे. त्यांनी ना लांबलचक योजना लिहिली, ना श्रोत्यांपुढे भाषण केले. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. तो उगवताना, वर चढताना दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी चित्रे घेतली, आणि बी ते वेल हा कित्येक दिवसांचा प्रवास पडद्यावर क्षणभरात घडवून दाखवला. हा छोटा चित्रपट पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

या प्रयोगाची निवड अचूक होती. त्याला नट लागत नव्हते, सेट लागत नव्हता, फिल्मही मोजकीच लागत होती. तरीही त्यातून तीन गोष्टी एकदम सिद्ध होत होत्या : यंत्र याच्या ताब्यात आहे, रसायने याला जमतात, आणि जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते हा माणूस दाखवू शकतो. सावकाराला सर्वांत जास्त भीती वाटते ती माणूस अर्ध्यावर थांबण्याची. महिनाभर एका कुंडीपाशी चिकाटीने बसलेला माणूस अर्ध्यावर थांबणार नाही, हेही त्या वेलाने सांगितले असणार.

तीन आण्यांचा खेळ

फाळके अव्यवहारी होते, हा समज दूर करण्यासाठी आणखी एक उदाहरण पुरेसे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. त्या काळी नाटक पाच-सहा तास चाले. ज्याला दोन आण्यांत अख्ख्या रात्रीची करमणूक मिळत होती, तो तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ पाहायला का येईल? छोट्या शहरांत हा प्रश्न खरोखरच आडवा आला. त्यावर फाळके यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत, असा तिचा आशय होता.

ही जाहिरात आकडे मांडून तपासता येते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे सुमारे ३,५६० फूट. छायाचित्रांचा आकडा म्हणजे प्रामाणिक हिशेब आहे. दोन मैल मात्र साडेदहा हजार फुटांहून जास्त होतात, म्हणजे लांबी जवळपास तिप्पट फुगवलेली आहे. जाहिरात करणाऱ्याने एक आकडा वहीतून घेतला आणि दुसरा उत्साहातून. पण मुद्दा तो नाही. प्रेक्षक करमणूक वेळेवर मोजतो आहे, हे फाळके यांनी ओळखले आणि त्याच्या हाती मोजण्यासाठी दुसरे माप दिले. हे काम अव्यवहारी माणसाचे नव्हे. बाजार त्यांना कळत होता. जे कळत नव्हते, किंवा कळूनही ज्याकडे पाहायला सवड नव्हती, ते घरात होते.

सरस्वतीबाईंचे खाते

पहिल्या चित्रपटाचा कारखाना म्हणजे दादरचे राहते घर. चित्रीकरणाला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. बाजारात कोरी फिल्म मिळे, पण तिला भोके पाडलेली नसत. ते काम अंधारात, एकेका फुटाने, हाताने करावे लागे, आणि ते सरस्वतीबाई करीत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश पाडणे, ही कामेही त्यांच्याकडे होती. शिवाय साठ-सत्तर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. तारामतीचे काम कर, असेही पतीने त्यांना विचारले होते. त्यांनी नकार दिला. हे सगळे सोडून मी उभी राहिले तर बाकीचे कोण करणार, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. त्र्यंबक तेलंग हे मित्र कॅमेरा शिकून चालक झाले.

सरस्वतीबाईंच्या या कामाचा आज आपण गौरवाने उल्लेख करतो आणि ते योग्यच आहे. परंतु गौरव ही एक गोष्ट आणि नोंद ही दुसरी. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना जास्त पगार देऊन, पंधरा रुपयांवर, फाळके यांनी आणले असे सांगितले जाते. हा आकडा शतकभर टिकला, कारण ती मजुरी होती. सरस्वतीबाईंच्या कामाचा आकडा टिकला नाही, कारण तो कधी मांडलाच गेला नाही. आपण एक साधा प्रयोग करू. त्या वेळी या घराबाहेर, पगारी माणसांकडून हीच कामे करून घ्यायची असती, तर काय लागले असते? अंधाऱ्या खोलीत काम करणारे दोन-तीन विश्वासू कारागीर, एक रसायने जाणणारा, साठ माणसांची खानावळ, कोठीचा कारभारी, आणि या सर्वांवर देखरेख करणारा एखादा व्यवस्थापक. हे सर्व ‘फाळकेज फिल्म्स’ला शून्य रुपयांत मिळाले. जागेचे भाडे शून्य. मालकाचा स्वतःचा पगार शून्य. दागिने गहाण पडले त्याचे व्याज गेले असेल, पण ते चित्रपटाच्या खर्चात धरले गेले असण्याची शक्यता कमीच.

अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात. दुसरीकडे जे मिळाले असते आणि इथे गुंतल्यामुळे जे मिळाले नाही, तोही खर्चच असतो. घरगुती उद्योगात हा खर्च दिसत नाही, म्हणून नफा फुगून दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’ चालला, पैसा आला, फाळके १९१३ मध्येच नाशिकला गेले आणि तिथे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ झाले. नाशिकच्या आवारात नट, कारागीर, मुले, पाहुणे सगळे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. हे कुटुंब होते आणि कारखानाही होता. कुटुंब म्हणून त्याचे वर्णन करताना आपल्याला भरून येते. कारखाना म्हणून विचारले, की इथे एक चित्रपट काढायला नेमका किती खर्च येतो, तर त्या घरात कोणालाच नेमके उत्तर देता आले नसते, असे माझे अनुमान आहे.

वही दुसऱ्याच्या हाती

१९१४ मध्ये फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचे कौतुक झाले. तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि इकडच्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला. पुढची तीन वर्षे ओढाताणीची गेली. लहान लहान चित्रपट, गावोगाव खेळ, ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोग, असे सर्व त्यांनी करून पाहिले. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी काढला. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला, त्यात साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि चित्रपटगृहे ओसंडून वाहिली. याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात फाळके यांनी आपल्या धडपडीची कहाणी लेखमालेतून सांगितली. आजही त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेच त्या लेखांतून आलेले आहे.

‘लंकादहन’च्या यशानंतर भांडवल चालून आले. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्तान फिल्म्स कंपनी अस्तित्वात आली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी मुंबईचे व्यापारी-भांडवलदार त्यात भागीदार होते आणि फाळके हे काम करणारे भागीदार. याच कंपनीने ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ काढले. दोन्हींत कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. दोन्ही चित्रपट लोकप्रिय झाले. आणि तरीही काही काळातच मतभेद इतके वाढले, की फाळके कंपनीतून बाहेर पडून कुटुंबासह काशीला गेले.

मतभेदाचा विषय काय होता? भागीदारांची तक्रार होती की खर्च फार होतो आणि वेळ फार लागतो. फाळके यांची तक्रार होती की निर्मितीत भागीदार ढवळाढवळ करतात. आजही कोणत्याही संपादक आणि प्रकाशकामध्ये, नाट्यदिग्दर्शक आणि निर्मात्यामध्ये हेच दोन मुद्दे असतात. या वादात आपली सहानुभूती आपोआप कलावंताकडे जाते. क्षणभर आपटे-भट्ट यांच्या जागी बसून पाहू. ज्यांचा व्यवहार वहीवर चालतो, अशी ही माणसे. त्यांनी ऐकले होते की या माणसाने पहिला चित्रपट घरात बसून, उसन्या पैशांत केला. आता स्टुडिओ आहे, पैसा आहे, तर खर्च कमी व्हायला हवा. उलट तो वाढताना दिसतो आहे. कोण्याही व्यापाऱ्याला वाटेल, कुठेतरी गळती आहे.

मला वाटते, गळती नव्हती. जो खर्च आधी सरस्वतीबाईंच्या हातांतून, घराच्या जागेतून आणि मालकाच्या न घेतलेल्या पगारातून भागत होता, तो आता भागीदारीच्या वहीत रोख रकमेच्या रूपाने येऊ लागला असणार. एखादे दृश्य पुन्हा चित्रित करायचे तर पूर्वी फाळके स्वतःचे आणखी चार दिवस घालत. त्या चार दिवसांची नोंद कुठेच नसे. आता त्याच चार दिवसांचे पगार, जेवण आणि फिल्म वहीवर पडे. फाळके पूर्वीसारखेच वागत होते, म्हणून त्यांना ढवळाढवळ वाटली. भागीदार पूर्वीच्या कहाणीवरून अंदाज बांधत होते, म्हणून त्यांना उधळपट्टी वाटली. दोघांच्या हाती एकाच धंद्याच्या दोन वेगवेगळ्या वह्या होत्या.

यातली दुसरी चूक करारातली होती. फाळके यांनी कंपनीत आणले ते कसब आणि नाव. भागीदारांनी आणला पैसा. पैसा मोजता येतो, कसब मोजता येत नाही. त्यामुळे खर्चाचा अधिकार कोणाचा, कोणत्या रकमेपर्यंत कोणाला न विचारता निर्णय घेता येईल, आणि वेगळे व्हायची वेळ आली तर कसबाची किंमत कशी लावायची, हे आधीच ठरवून ठेवण्याची गरज कसब घेऊन येणाऱ्यालाच जास्त असते. छापखान्यात पोळल्यावरही ही तजवीज पुरेशी झालेली दिसत नाही. फाळके गेल्यावर कंपनी थांबली नाही. दुसऱ्या दिग्दर्शकांकडून तिने चित्रपट काढणे चालू ठेवले. यंत्रे, आवार, तयार झालेली माणसे, सगळे तिथेच होते. त्यातली बरीच माणसे फाळके यांनी घडवलेली होती. माणसे घडवण्याचा खर्चही, अर्थातच, कुठे लिहिलेला नव्हता.

काशीत फाळके यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याची गळ घातली. फाळके यांनी नकार कळवला, तो पत्रव्यवहार कोल्हटकरांनी छापला, आणि वाचकांनी फाळके यांना परत बोलावणारी पत्रे पाठवली. शेवटी ते हिंदुस्तान कंपनीत परतले, पण आता निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, दरमहा पगारावर. या घटनेकडे आपण अधःपात म्हणून पाहतो : मालक होता तो नोकर झाला. हिशेबाच्या नजरेने पाहिले तर त्यात एक विचित्र योगायोग आहे. आपल्या श्रमांना वहीत ठरलेला आकडा फाळके यांना या धंद्यात बहुधा पहिल्यांदाच मिळाला, आणि तो मिळाला तेव्हा हातातली मालकी गेलेली होती.

प्रभातची वही

तुलनेसाठी दूर जायला नको. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कारागीर, आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी हे पेढीवाले. पाचही जण भागीदार. म्हणजे इथे कसब आणि पैसा समोरासमोर बसले नाहीत. कसबाचेच चार भागीदार होते, आणि कला, छायालेखन, ध्वनी, दिग्दर्शन अशी खाती त्यांच्यात वाटलेली होती. एखाद्या दृश्याला आणखी दोन दिवस का लागतात, हे भागीदारांच्या बैठकीत समजावून सांगावे लागत नसे, कारण बहुतेक भागीदार त्या दृश्याच्या कामावरच असत.

या रचनेचा परिणाम दिसतो. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली, मोठा स्टुडिओ उभा राहिला, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांनी केला. म्हणजे शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाशिवायही कंपनी सर्वोच्च दर्जाचे काम करू शकत होती. तरीही प्रभातला अमरत्व मिळाले नाही. धायबर आधीच बाहेर पडले होते, १९४२ मध्ये शांताराम गेले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत कंपनीचा कारभार आटोपला. ज्या आवारात ‘संत तुकाराम’ झाला, तिथे १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चांगली वही ठेवली की भागीदारी मोडतच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र भागीदारी टिकते तोवर ती कामावर बोलते, संशयावर बोलत नाही, एवढा फरक नक्की पडतो.

शेवटचा सेतू

फाळके यांच्या उत्तरायुष्यातील ‘सेतुबंधन’ हा चित्रपट या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो मोठ्या खर्चाचा मूकपट होता, त्याचे काम लांबले, आणि ते चालू असतानाच १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने पडद्याला आवाज दिला. ‘सेतुबंधन’ला नंतर आवाज जोडावा लागला. वेळेची किंमत वहीत नसली की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण शोधून सापडणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सात महिने लागले तरी बाजार जागेवर उभा होता, कारण बाजार फाळके स्वतःच निर्माण करीत होते. १९३१ मध्ये बाजार दुसऱ्यांचा होता आणि तो थांबला नाही. पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये आला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते, आणि तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

या सगळ्यातून व्यवस्थापनाचा धडा काढायचाच तर तो ‘घरदार पणाला लावा’ हा नव्हे. पणाला लावलेल्या घरदाराची नोंद ठेवा, हा आहे. घरच्या माणसाने केलेल्या कामाला, पैसे द्यायचे नसले तरी, वहीत मजुरीचा आकडा असावा. मालकाने पगार घेतला नाही तरी तो लिहावा. म्हणजे उद्या कोणी भागीदार आला तर त्याला खरा खर्च दिसेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्या श्रमांवर धंदा उभा राहिला त्यांचा वाटा किती, हे मालकालाही दिसेल. सर्जनशील माणसाने पैशाशी भागीदारी जरूर करावी. पण मतभेद होतील असे गृहीत धरून, संबंध गोड असतानाच ते कसे सोडवायचे हे लिहून ठेवावे. आणि आपण घडवलेली माणसे, शिकण्यात गेलेली वर्षे, चुकलेले प्रयोग यांना निदान एक स्वतंत्र पान तरी द्यावे.

हे दुसऱ्यांना सांगायला सोपे आहे. मराठीतली मासिके, दिवाळी अंक, हौशी नाट्यसंस्था, छोटी प्रकाशने यांतल्या बहुतेकांचा कारभार आजही दादरच्या त्या घरासारखाच चालतो. कोणाची तरी पत्नी मुद्रितशोधन करते, कोणाची मुले गठ्ठे बांधतात, लेखक मानधनाचा आग्रह धरत नाहीत, संपादक पगार घेत नाही. मग अंक तोट्यात नाही, असे आपण समाधानाने म्हणतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीची पूजा करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पूजेनंतर त्या वहीच्या पहिल्या पानावर, आजवर कोणी न लिहिलेले एक खाते सरस्वतीबाईंच्या नावाने उघडून पाहावे. त्यात शेवटी किती रक्कम भरते, हे कळले तर पुढच्या वर्षीचा खर्च मांडताना आपला हात थोडा अडखळेल. तेवढे अडखळणे आवश्यक आहे.